कागदाचा पाळणा

१

लातुरात दाळ मिलच्या मागच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी सगळी घरं झोपतात. जागी असायची ती फक्त श्रीशैलच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. तिथे श्रीशैलची धाकटी बहीण अक्षरा आणि तिची कटिंग मशीन यांचा संसार चालायचा. संसार म्हणायचं कारण असं की आईनं, म्हणजे गुरम्मानं, लग्नाचा विषय काढला की अक्षरा मशीनकडे बोट दाखवायची.

"हाय की अव्वा, झालंय माझं. उलटून बोलत न्हाई, सांगितलं तेवढंच करतंय. अजून काय पायजे?"

गुरम्मा कपाळावर हात मारून खाली जायची.

मशीन होतीच तशी गुणाची. मोबाइलवर चित्र काढायचं, चिकट मॅटवर कार्डशीट दाबून बसवायचा आणि बटण दाबायचं. मशीन मॅट आत ओढून घ्यायची, आतलं इवलंसं ब्लेड चर्र चर्र करत फिरायचं, आणि मॅट बाहेर आली की कागद होता तसाच दिसायचा. खरी गंमत त्यानंतर. मॅट उलटी करून हलकेच वाकवली की कागद सुटायचा, टोचणीनं मधले तुकडे वेचून काढायचे, आणि कोऱ्या कागदातून मोर, कमान, नाव, जे हवं ते उठून यायचं. हे अक्षरानं शेकडो वेळा केलं असेल, पण दर वेळी तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. क्लासच्या पोरांच्या होस्टेलांना लागणाऱ्या 'चप्पल बाहेर काढा' आणि 'शांतता राखा' असल्या पाट्या कापतानाही व्हायच्या, यावरून ओळखा.

आणि आता तर घरचंच बारसं होतं.

श्रीशैलची बायको तनुजा बाळंतपणाला माहेरी देवणीला गेली होती आणि तिला मुलगी झाली होती. देवणीला स्वामींनी येऊन लिंगायतांच्या रीतीनं पाळण्याला लिंग बांधलं होतं, घरच्या घरी पाळण्यातही घातलं होतं. पण नाव ठेवायचा मोठा कार्यक्रम लातूरलाच करायचा असं श्रीशैलनं आधीपासून ठरवलेलं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच होती. तिनं हे तीन मजल्यांवरून ओरडून सांगितलं असतं, पण घर दोनच मजल्यांचं होतं.

नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं. बिल्वा. तिच्या तोंडून ते अजून कुणीही ऐकलं नव्हतं. त्यांच्यात तशी रीतच होती, आत्यानं कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. श्रीशैलनं हरतऱ्हेनं खोदून पाहिलं, चिडवलं, रुसून दाखवलं. अक्षरा ढिम्म. हिरव्या कार्डशीटची अक्षरं कापून तिनं एका खोक्यात पालथी घालून ठेवली होती. सजावट बेलाच्या पानांची, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं, पण शंकराची भक्ती करणाऱ्या घरात बेलाच्या पानांचं कुणाला नवल?

२

सजावटीतली मुख्य वस्तू होती कागदाचा पाळणा. खऱ्या पाळण्याच्या मागे, पडद्यासमोर टांगायचा, म्हणजे फोटोत झकास दिसेल. अक्षरानं त्याला जाळीदार कठडे केले, कठड्यांवर बेलाच्या पानांची नक्षी, चारी कोपऱ्यांना कागदाचे नंदी. चार दोऱ्यांनी तो खोलीतल्या पाइपला टांगला, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली आणि स्वतःशीच टाळ्या वाजवायला लागली. कूलरच्या वाऱ्यावर पाळणा आपोआप डुलत होता. नंद्यांच्या सावल्या भिंतीवरून पुढे-मागे चालत होत्या.

गुरम्मा चहा घेऊन वर आली आणि दारातच थांबली.

"कूलर बंद कर आधी."

"कावून?"

"रिकामा पाळणा हलवू नये. एवढी मोठी झालीस, कुनी सांगावं लागतंय का?"

"अव्वा, कागदाचा हाय तो!"

"कशाचाबी असू दे. हलवायचाच आसंल तर वरवंटा ठेव आत. बारशाला आपुन खऱ्या पाळन्यात आधी वरवंटा घालतो का न्हाई? उगंच घालतो का?"

"वरवंटा ठेवला तर पाळणा पाट्यावर यील अव्वा. कागद हाय, सागवान न्हाई."

गुरम्मानं कप ठेवला, कूलरचं बटण स्वतःच दाबलं आणि पुटपुटत खाली गेली. ती जिना उतरल्याचा आवाज आला आणि अक्षरानं कूलर पुन्हा चालू केला. डुलणारा पाळणा बघायचा सोडून कोण बसेल?

आता बारशात आत्यानं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाळाच्या कानाशी वाकायचं, नाव सांगायचं, 'कुर्र' करायचं, आणि तेवढ्यात मागे जमलेल्या बाया आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. पाहायला सोपं. पण अक्षरा पहिल्यांदाच आत्या झाली होती आणि गर्दीत काही करायचं म्हटलं की ती गोंधळून जायची. ऐनवेळी नावच आठवलं नाही तर? हसू फुटलं तर? तालीम केलेली बरी, असं तिनं ठरवलं.

तिनं दाराला कडी लावली. पदराऐवजी ओढणी डोक्यावर घेतली. डुलणाऱ्या पाळण्यापाशी गेली, वाकली, कठड्याच्या आत तोंड नेलं आणि अगदी जीव लावून म्हणाली, "बिल्वा. बिल्वा. बिल्वा. कुर्रर्र!"

पाठीत एक धपाटा बसला.

धपाटा म्हणजे काय, एक हलकी थापटी. कमरेच्या जरा वर. अक्षरा हसत वळली, कारण तिला वाटलं अव्वाच आली. दाराला कडी तशीच होती. मागे पानांचं तोरण सुकायला टांगलेलं होतं आणि कूलरच्या वाऱ्यावर त्याचं टोक हलत होतं. तेच लागलं, दुसरं काय? तोरण तिच्यापासून चांगलं हातभर लांब होतं, पण वारा काय हातभर उडवत नाही का?

तिनं ओढणी काढली आणि चहा प्यायली. चहा निवला होता.

३

दुसऱ्या दिवशी पानं कापायची होती, ढीगभर. पहिली मॅट बाहेर आली आणि अक्षरानं पानं वेचायला घेतली, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात तिला एक जास्तीचा काप दिसला. चित्रात तिथं काहीच नव्हतं. टोचणी लावली तर एक इवलासा वळलेला तुकडा निघाला. शिंपल्यासारखा, आत एक बारीक वळी, त्या वळीच्या आत आणखी एक.

कान. लहान लेकराचा कान.

तिनं मोबाइलवरचं चित्र मोठं करून पाहिलं. कोपरा कोरा. मग ब्लेड काढून फुंकर मारली, मॅट पुसली, मशीन बंद करून चालू केली. कधी कधी जुनं चित्र मशीनच्या डोक्यात राहतं, असं तिला वाटलं. पण कान तिनं कधी कापलाच नव्हता. आणि त्या वळ्या बघा! एवढी बारीक वळी तिच्या ब्लेडनं आजवर फाडल्याशिवाय कापली नव्हती. भीती बाजूलाच राहिली, अक्षराला आधी कौतुक वाटलं. अशी कडा जमली तर बिल्वासाठी खऱ्या जाळीसारखी झालर करता येईल!

पुढच्या कागदात पाच गोल निघाले. एकापेक्षा एक लहान, एका वाकड्या ओळीत. तिनं ते तळहातावर ठेवले आणि लगेच ओळखले, कारण देवणीहून आलेल्या फोटोत ती दिवसातून दहा वेळा तीच पाच बोटं बघायची. पायाची.

"काय गं," ती मशीनला म्हणाली, "तुलाबी भाची झाली का?"

मशीनचा दिवा लुकलुकत होता. अक्षरानं तुकडे कचऱ्याच्या खोक्यात टाकले आणि नवा कागद लावला. संध्याकाळपर्यंत एक नाक आलं, एक मूठ आली, आणि काही तुकडे असे आले की कशाचे ते कळलं नाही, नुसते मऊ, गोलसर. ब्लेड बदलायला पाहिजे, असं ती प्रत्येक वेळी म्हणत होती आणि प्रत्येक वेळी पुढचा कागद लावत होती. खरं सांगायचं तर पुढच्या कागदात काय निघतंय ते बघायची तिला ओढ लागली होती. सण आल्यासारखी ती दुपार गेली.

४

तनुजाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वीज गेलेली होती. पत्रा तापला होता, अक्षरा पुठ्ठ्यानं वारा घेत पानं चिकटवत बसली होती.

"अक्षराताई, लेकरू लई गप झालंय हो," तनुजा म्हणाली. हसून म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. "पहिलं कसं, भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. आता रडतच न्हाई. पाजायला घेतलं तर दोन घोट घेती अन् सोडून देती."

"दवाखान्यात दाखवलं का वहिनी?"

"दाखवलं की. डॉक्टर म्हनतेत सगळं चांगलं हाय, उन्हाळा हाय म्हनून. पर मला हाताला हलकी लागून राहिली. आई म्हनती तुझा भास हाय." तनुजानं फोन खाली केला. "बगा तुमीच."

बाळ उघड्या डोळ्यांनी पडलं होतं. अक्षरानं जिभेचे सगळे प्रकार करून पाहिले, टाळ्या वाजवल्या, शीळ घातली. बाळाची नजर कुठेच ठरत नव्हती. एरवी फोनवर आत्याचा आवाज आला की हे लेकरू हातपाय झाडायचं.

"थांबा, हिला पाळणा दाखवते," ती उसन्या उत्साहानं म्हणाली आणि उठून फोन पाळण्याकडे वळवला. "हे बग सोन्या, तुझ्यासाठी आत्यानं काय केलंय!"

बाळानं बघितलं. थेट, न पापणी हलवता, पाळण्याच्या आत बघितल्यासारखं. आणि मग ते बारीक आवाजात कण्हलं.

"अय्या, बगितलं की!" तनुजा आनंदानं म्हणाली. "कसा झुलून राहिलाय पाळणा, म्हनून बगितलं. कूलर लई जोरात हाय का तुमचा?"

अक्षरानं हो म्हटलं. मग फोन ठेवला आणि कूलरकडे पाहिलं. वीज नव्हती. पाती थांबलेली होती. खोलीत कुठेच वारा नव्हता, पानांची तोरणं उभीच्या उभी लोंबत होती.

पाळणा झुलत होता. पुढे, मागे. कुणी एका हातानं काम करत दुसऱ्या हातानं दोरी ओढावी तसा, एका लयीत. आणि दोऱ्या कुरकुरत होत्या. नुसता कागद टांगला तेव्हा त्या सैल होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण पाळणा सरळ राहावा म्हणून तिनंच त्यांना दोनदा पीळ दिला होता. आता त्या तारेसारख्या ताणल्या होत्या, आणि पाळण्याचा तळ मधोमध खाली आला होता.

५

कागद दमट झाला असणार. कूलरची हवा ओलीच असते, दिवसभर त्या हवेत पाळणा टांगलेला, मग तळ झोळ खाणारच. अक्षरानं हे स्वतःला मोठ्यानं सांगितलं. आवाज बरा वाटला, म्हणून आणखी एकदा सांगितलं.

मग तिनं तळाला खालून तळहात लावला.

कागद कोरडा होता. कोमट होता. आणि हातावर वजन आलं. मोठं नव्हे. पण वजन कसं येतं हे तिला ठाऊक होतं, देवणीच्या दवाखान्यात नर्सनं पहिल्यांदा भाची तिच्या हातावर ठेवली होती तेव्हा असंच आलं होतं, डोक्याकडे जास्त आणि पायाकडे कमी. तिनं हात झटकन मागे घेतला. पाळणा हिंदकळला नाही. सावकाश एक झोका खाऊन पुन्हा लयीत आला.

आत बघायचं नाही असं तिनं ठरवलं आणि बघितलं.

आत काही नव्हतं. पांढरा कार्डशीट, त्यावर दाबल्याचा एक खळगा, वर गोल, खाली लांबट. बास. तिला हसू आलं, मग त्या हसण्याची भीती वाटली. तिनं टेबलावरचं बेलाचं एक कागदी पान उचललं आणि वरून आत सोडलं.

पान तळापर्यंत गेलं नाही. वीतभर वरच थांबलं, आडवं, कशावर तरी टेकल्यासारखं. आणि तिथे ते हळूच वर उचललं गेलं, हळूच खाली आलं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

अक्षरा जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही. खाली गुरम्मा बारशाचे गहू निवडत बसली होती. अक्षरा तिच्यापाशी टेकून बसली, लहानपणी बसायची तशी.

"अव्वा, समज, आत्यानं आधीच नाव घेतलं. म्हंजी लेकरू नसताना. पाळन्यात."

गुरम्माचे हात थांबले. तिनं लेकीकडे बघितलं.

"रिकाम्या?"

अक्षरा गव्हातले खडे वेचायला लागली.

"असलं कायबी विचारू नको कार्याच्या तोंडावर," गुरम्मा म्हणाली आणि पुन्हा गव्हात बोटं घातली. पण त्यानंतर ती सारखे तेच गहू निवडत राहिली, निवडलेले ढिगात सरकवायचं विसरून.

अक्षराला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. नाव एक होतं. ते तिनं प्रेमानं, रीतसर, तीनदा, कुर्र करून दिलं होतं. आणि ज्याला दिलं होतं ते तिच्या खोलीत जड होत चाललं होतं, आणि देवणीत ज्याला द्यायचं होतं ते हलकं होत चाललं होतं. एवढा हिशेब तिला कळत होता. तिचं डोकं म्हणत होतं, वेडी आहेस. तिचा तळहात मात्र अजून कोमट होता.

६

बारशाच्या सकाळी घर नुसतं गजबजलं. गल्लीतल्या बाया, दारात रांगोळी, स्वयंपाकघरातून खिरीचा वास. देवणीहून गाडी आली आणि तनुजा उतरली तशी अक्षरा धावली आणि तिनं बाळाला घेतलं.

दुपट्यात बाळ आहे की नाही हे तिला उघडून बघावं लागलं. इतकं ते हलकं होतं. डोळे उघडे, ओठ कोरडे. आत्याकडे बघून काही नाही.

"हो ना?" तनुजा हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळे मलाच येड्यात काढून राहिलेत. तुमाला तरी लागती ना हलकी?"

"लागती वहिनी," अक्षरा म्हणाली. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि तिला इतका राग आला, स्वतःचा, त्या खोलीचा, सगळ्याचा, की भीती जरा वेळ कुठल्या कुठे गेली. "तुमी काळजी करू नका. नाव ठेवलं की चांगली हुईल."

ती पाळणा काढून टाकायला वर जाणार, तर श्रीशैल समोरच कौतुकानं उभा.

"अगं, पाळणा मी सकाळीच खाली आणून टांगला! काय केलीस गं, लईच भारी. कागद जाड वापरला का? उचलायला चांगला दणकट लागला."

पडद्यासमोर, खऱ्या पाळण्याच्या अगदी वर, तो टांगलेला होता. बाया खाली उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. आता काढायचा म्हणजे दहा जणींना कारण सांगावं लागलं असतं. त्याच्याच बाजूला नावाची पाटी होती, रुमालानं झाकलेली, आणि रुमालाखाली तिनंच आदल्या दिवशी चिकटवलेली हिरवी अक्षरं.

अक्षरा जिना चढून खोलीत गेली. हिरवा कार्डशीट घेतला. मशीनकडे वळली आणि थांबली. नाही. हिच्याकडून नाही. ड्रॉवरमधून तिनं गुरम्माची जुनी शिवणाची कात्री काढली, पाठमोरी बसली आणि हातानं अक्षरं कापायला लागली. छोटं नाव, दोनच अक्षरं. घाईत कडा वेड्यावाकड्या येत होत्या. बिल्वा हे नाव तिनं महिनोन्‌महिने मनात गोंजारलं होतं, ते सोडताना डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तरी कात्री थांबत नव्हती.

मागे मशीन सुरू झाली.

मोबाइल तर खाली राहिला होता. चित्र पाठवलं नव्हतं, कागद लावला नव्हता. तरी मॅट आत ओढल्याचा आवाज आला, आणि ब्लेड चर्र चर्र करत फिरायला लागलं, घाईघाईनं, काहीतरी पुरं करायचं राहिल्यासारखं. अक्षरानं मान वळवली नाही. शेवटचा काना कापला, अक्षरं मुठीत घेतली आणि जाता जाता कचऱ्याच्या खोक्यावर तिची नजर पडली.

खोकं रिकामं होतं. कान, बोटं, नाक, मूठ, एकही तुकडा नव्हता.

७

आधी वरवंटा. दुपट्यात गुंडाळलेला, काजळ लावलेला वरवंटा बायांनी खऱ्या पाळण्याच्या वरून खालून एकमेकींकडे दिला, घ्या म्हटलं, द्या म्हटलं, आणि हसत हसत पाळण्यात निजवला. मग तो काढून तिथे बाळ ठेवलं. पाळणा गाऊन झाला. तनुजाचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्या कुठं हाय? ये गं, ये पुढं!"

अक्षरा पुढे झाली. वाकायच्या आधी तिनं एकदाच वर बघितलं. कागदाच्या पाळण्याची जाळी तिच्या डोळ्यांच्या अगदी समोर होती. जाळीच्या बेलपानांतून आतलं दिसत होतं. पांढऱ्यावर हिरवं. एक कान. त्याच्या खाली मूठ, हनुवटीशी आणलेली. तुकडे पडल्यासारखे नव्हते, जिथल्या तिथे होते. आणि तो कान, बारीक वळ्यांचा, सावकाश तिच्याकडे वळला. ऐकायला.

ती झटकन वाकली. बाळाच्या कानाला ओठ टेकवले. इतक्या हळू, की तिचा तिलाच आवाज येऊ नये.

"उमा. उमा. उमा. कुर्रर्र!"

धपाटे पडले. धपाधप, हसत, बांगड्यांसकट. आणि त्या सगळ्या मोठमोठ्या हातांच्या खाली, कमरेच्या जरा वर, एक हलकी थापटी. कागदानं मारावी तशी.

बाळानं श्वास घेतला. सगळं अंग आक्रसून, तोंड लाललाल करून, घरभर घुमेल असं ते रडलं. रडणं म्हणजे काय, आरोळीच! अक्षरानं त्याला उचललं आणि तिचे हात खाली गेले. जड! भरलेलं, गरम, लाथा झाडणारं लेकरू. तनुजानं ते हिसकावूनच घेतलं आणि घेताच तिला रडू कोसळलं. "जड लागली हो," ती म्हणत होती, "जड लागली!" बायांना काही कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या.

अक्षरानं पाटीपाशी जाऊन रुमालाआड हात घातला. जुनी अक्षरं उपटून मुठीत चुरगाळली, नवी दाबून बसवली आणि रुमाल ओढला.

"उमा!" सगळे ओरडले.

"घरात एवढी मशीन," श्रीशैल म्हणाला, "अन् नाव कात्रीनं कापलंस व्हय? कसं वाकडंतिकडं झालंय बग."

"असू दे अण्णा," अक्षरा म्हणाली. ती हसत होती आणि नाक पुसत होती, आणि आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. वर कागदाचा पाळणा झुलत होता. पंखा लावलाय म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

८

पाहुणे गेले तेव्हा उन्हं कलली होती. श्रीशैल भाड्याच्या सतरंज्या परत द्यायला गेला. अक्षरानं कागदाचा पाळणा खाली घेतला. जाळून टाकायचा, हे तिनं ठरवलं होतं. काड्यापेटी ओट्यावरच होती. पण दोऱ्या सोडल्या आणि तो हातावर आला, तेव्हा तिचा डावा हात आपोआप डोक्याच्या बाजूला गेला. डोकं धरायला. काड्यापेटी तिनं घेतलीच नाही. जिन्यावरून एकेक पायरी जपून चढली, पाइपला पाळणा टांगला, आत न बघता दार ओढून घेतलं.

खाली आली तर बैठकीत तनुजा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. उमा पुन्हा भुकेली होती आणि तिनं सूर लावला होता. तनुजा हरखून नुसती ऐकत बसली होती. रडण्याचं कौतुक करणारी आई अक्षरा पहिल्यांदाच बघत होती. तिला आत्ता धावत जाऊन त्या लेकराचे पाय खावेसे वाटले.

गुरम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पुसता पुसता थांबली. मान तिरकी करून ऐकायला लागली.

"तनुजा," ती म्हणाली, "लेकरू इथं हाय ना तुज्यापाशी?"

"हाय की अव्वा. का हो?"

"मग वरून कसा आवाज येऊन राहिलाय?"

येत होता. उमाच्या रडण्याच्या मागे, पत्र्याच्या खोलीतून, दुसरं रडणं. बारीक, कोरडं, कागद चुरगळावा तसं. कुणी घेईना म्हणून रडावं तसं. गुरम्मानं लेकीकडे बघितलं.

त्या आवाजानं अक्षराच्या छातीत जे हललं ते नुसतं भय नव्हतं, हे तिला नाकारता येईना. नाव ठेवायचा मान आत्याचा. ते तिनं ठेवलं होतं. ती जिन्याशी गेली, कठड्याला धरलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आले गं बिल्वा," ती म्हणाली. "आले."

आणि वरची आणि तनुजाच्या मांडीवरची, दोघीही एकदम गप्प झाल्या.